गुहेतले शेजारी : गॉब्लिन नावाच्या जातीचा इतिहास

जे प्राणी कधी अस्तित्वातच नव्हते त्यांचाही इतिहास लिहिता येतो. किंबहुना त्यांचा इतिहास लिहिणे एका अर्थी अधिक सोपे असते. खऱ्या प्राण्याला स्वतःचे शरीर असते, स्वतःची भूक असते, आणि माणसाने त्याच्याविषयी काहीही म्हटले तरी तो आपल्या जागी असतो. काल्पनिक प्राण्याजवळ माणसाने दिलेल्याखेरीज दुसरे काहीच नसते. त्यामुळे त्याचे रूप कधी आणि कसे पालटले हे पाहत गेले, की त्याला पालटणारा माणूसच हळूहळू स्पष्ट दिसू लागतो.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे इंग्रजी अद्भुतकथेतील गॉब्लिन ही गुहावासी जात. ठेंगणी, कुरूप, टोळीने राहणारी, उजेडाला भिणारी आणि माणसाचा द्वेष करणारी. टोल्कीनच्या वाचकांना ती परिचित आहे. संगणकावर वा कागदावर अद्भुताचे खेळ खेळणाऱ्यांना तर फारच परिचित आहे, कारण नवशिक्या खेळाडूच्या तलवारीखाली सर्वप्रथम येतो तो बहुधा गॉब्लिन किंवा त्याचा जर्मन भाऊबंद कोबोल्ड. त्याला मारल्याचे कोणी दुःख करत नाही. त्यासाठीच तो तेथे ठेवलेला असतो.

आमचा प्रश्न एवढाच आहे : दुःख न करता मारता यावा असा हा प्राणी कोणी, कधी आणि कशातून घडवला? उत्तराच्या शोधात निघालो तेव्हा आम्हाला वाटले होते की वाट एखाद्या पुराणाकडे जाईल. ती गेली चांदीच्या खाणीत.

आनाबर्गचा श्वास

गेऑर्ग आग्रिकोला (1494-1555) हा सॅक्सनीतला विद्वान वैद्य. 1527 साली तो बोहेमियातील योआखिम्सथाल या गावचा वैद्य झाला. या गावाची कीर्ती तेथील चांदीमुळे होती. तेथे पाडलेल्या नाण्याला 'थालर' म्हणत, आणि आजचा 'डॉलर' हा शब्द त्याच नाण्याचा वंशज आहे. आग्रिकोलाचे रुग्ण म्हणजे खाणकामगार. त्यांच्यात राहून, त्यांना बोलते करून त्याने खाणविद्येवर जो ग्रंथ लिहिला, तो 'दे रे मेतालिका', त्याच्या मृत्यूनंतर 1556 साली छापला गेला. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला खाण-अभियंता हर्बर्ट हूव्हर आणि त्याची पत्नी लू हेन्री हूव्हर या दोघांनी 1912 साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

त्याआधी, 1549 साली, आग्रिकोलाने भूगर्भात राहणाऱ्या प्राण्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात घुशी आहेत, बिळात झोपणारे प्राणी आहेत, आणि अखेरीस खाणीतली पिशाचेही आहेत. या पिशाचांचे तो दोन प्रकार करतो. आमच्या मते गॉब्लिनचा पुढचा सारा इतिहास या दोन प्रकारांच्या सरमिसळीचा इतिहास आहे, म्हणून ते नीट पाहणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार उग्र पिशाचांचा. आनाबर्ग येथील 'गुलाबमुकुट' नावाच्या खाणीत असे एक पिशाच होते. लांब मानेच्या, भयंकर डोळ्यांच्या घोड्याच्या रूपात ते दिसे, आणि त्याने आपल्या नुसत्या श्वासाने बारांहून अधिक कामगार मारले, असे आग्रिकोला नोंदवतो. आज आपण त्या श्वासाला विषारी वायू म्हणू. हवा कोंडलेल्या भुयारात दिवा मंदावतो, माणूस बसल्या जागी कोसळतो, त्याला उचलायला गेलेला दुसराही कोसळतो. ज्याला वायूचे रसायन ठाऊक नाही, त्याने त्याला पिशाचाचा श्वास म्हणावे, हे वर्णन म्हणून काही वाईट नाही.

दुसरा प्रकार अगदी निराळा. ही पिशाचे सौम्य. जर्मन लोक यांना कोबोल्ड म्हणतात, कारण ती माणसांच्या नकला करतात. उंची जेमतेम दोन फूट, चेहरा म्हाताऱ्याचा, अंगावर खाणकामगाराचाच वेश, कमरेला कातड्याचा तुकडा बांधलेला. ती दगड फोडल्यासारखे करतात, धातुक बादलीत भरल्यासारखे करतात, रहाट फिरवल्यासारखे करतात, आणि प्रत्यक्षात काहीच करत नाहीत. क्वचित खडे मारतात. पण त्यांची टिंगल केली नाही तर इजा करत नाहीत. ती जेथे दिसतात तेथे धातू मुबलक असतो अशी समजूत असल्याने कामगार त्यांना पाहून पळत नाहीत, उलट अधिक जोमाने कामाला लागतात.

हे वर्णन आम्ही पुन्हापुन्हा वाचले. ही आकृती कोणाची आहे? लहान चणीचा, अकाली म्हातारा दिसणारा, कातडे बांधलेला, दिवसभर राबूनही हाती काही न लागणारा हा प्राणी म्हणजे खाणकामगाराची स्वतःचीच सावली होय. अंधारात, थकलेल्या डोळ्यांना, पलीकडच्या भुयारात आपल्यासारखाच कोणीतरी दिसला, आणि त्याला त्यांनी शेजारी मानले.

म्हणजे पाच शतकांपूर्वीच्या त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या कामगारांनी एक विवेक राखला होता. जीव घेणारा श्वास वेगळा, आणि कातडे बांधलेला शेजारी वेगळा.

धातूंची नावे आणि भिंतीतली टकटक

या शेजाऱ्यावर लहानसहान आळ मात्र येत राहिला. चांदीसारखे दिसणारे एक धातुक भट्टीत घातले की चांदी तर निघत नसे, वर आर्सेनिकचा विषारी धूर निघे. अशी धातुके ओली असली की कामगारांचे हातपाय खातात, हे आग्रिकोलानेही लिहून ठेवले आहे. कामगार म्हणत, कोबोल्डाने चांदी चोरली आणि हे ठेवले. पुढे 1735 च्या सुमारास स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांटने त्यातून नवा धातू वेगळा केला तेव्हा त्याला नाव मिळाले कोबाल्ट. तांब्याचा आभास देऊन तांबे न देणाऱ्या दुसऱ्या एका धातुकाला कामगार 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्याचे भूत, म्हणत. 1751 साली त्याच्याशी संबंधित धातू क्रूनस्टेटने वेगळा केला आणि पुढे त्याला निकेल हे नाव दिले. मूलद्रव्यांच्या कोष्टकात ही दोन पिशाचे आजही शेजारीशेजारी बसलेली आहेत.

श्वासाचे पिशाचही नामशेष झाले नव्हते. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकामागून एक सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात, कारण खाणीतल्या धुळीने होणारा क्षय एकेक नवरा घेऊन जातो, असे आग्रिकोला लिहितो. सॅक्सनीतील श्नेबर्गच्या कामगारांचा फुप्फुसाचा रोग हा कर्करोग आहे, हे 1879 साली हेर्टिंग आणि हेसे या वैद्यांनी दाखवले, आणि त्यामागे रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे हे विसाव्या शतकात उलगडले. मारी आणि पिएर क्युरी यांना 1898 साली ज्या खनिजातून रेडियमचा शोध लागला, ते याच योआखिम्सथालच्या खाणीतले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे युरेनियम खणले गेले, आणि 1948 नंतरच्या चेकोस्लोव्हाक राजवटीने ते खणण्यासाठी राजकीय कैदी खाली पाठवले. घोड्याच्या मानेचे ते पिशाच चारशे वर्षे त्याच डोंगरांत श्वास सोडत होते, आणि त्याच्यासमोर कोणाला उभे करायचे हे वरचे लोक ठरवत होते.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत कोबोल्डाचे नातेवाईक राहत. त्यांना 'नॉकर', म्हणजे टकटक करणारे, म्हणत. खडक ढासळण्याआधी लाकडी टेकूंतून आणि दगडांतून जे आवाज येतात, तो त्यांनी दिलेला इशारा मानला जाई. कामगार आपल्या शिदोरीतला एक तुकडा त्यांच्यासाठी ठेवत. कोकणात राखणदाराला वर्षाचा मान देणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. ज्याच्या हद्दीत आपण राबतो त्याचा वाटा काढून ठेवायचा, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच. एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलचे खाणकामगार कॅलिफोर्नियाला गेले, तेव्हा हे टकटके त्यांच्याबरोबर समुद्रापार गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खाणकामगार आपल्या शेजाऱ्याला पाहत कमी, ऐकत अधिक. तो भिंतीपलीकडचा आवाज होता. या ऐकण्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

कर आणि काळोख

गॉब्लिनला कादंबरीत आणले जॉर्ज मॅकडोनल्ड या स्कॉटिश लेखकाने. त्याची 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' ही मुलांसाठीची कादंबरी आधी मासिकातून आली आणि 1872 साली पुस्तकरूप झाली. मॅकडोनल्डचा जन्म 1824 चा. तो सतरा वर्षांचा असताना, 1842 साली, ब्रिटिश संसदेसमोर कोळसाखाणींतील बालमजुरीचा अहवाल आला. कमरेला साखळी बांधून अरुंद भुयारातून कोळशाची गाडी ओढणाऱ्या, चार पायांवर रांगणाऱ्या मुलांची चित्रे त्यात छापलेली होती. सुशिक्षित समाज हादरला, आणि त्याच वर्षी स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरवण्यास कायद्याने बंदी झाली. आपल्या पायाखाली, काळोखात, वाकलेल्या अंगांची माणसे आहेत, हे ज्ञान त्या पिढीला झालेले होते.

मॅकडोनल्डचे गॉब्लिन डोंगराच्या पोटात राहतात. पण ते तेथे मुळापासून नव्हते. दंतकथा सांगते, की एके काळी ते इतर लोकांसारखेच जमिनीवर राहत. मग राजाने त्यांच्यावर जाचक वाटणारे कर बसवले, किंवा त्यांना नको असलेले रीतिरिवाज लादले, किंवा कायदे अधिक कठोर केले; नक्की काय झाले हे लेखक मोकळेच ठेवतो. एवढे खरे, की सगळी जमात एकाएकी नाहीशी झाली आणि गुहांत उतरली. पिढ्यानपिढ्या सूर्याविना राहून त्यांची शरीरे विरूप झाली, डोकी दगडासारखी कठीण झाली, पाय मात्र मऊच राहिले. बुद्धी वाढली, आणि तिच्याबरोबर वर राहणाऱ्यांविषयीचा राग वाढला. तरीही केवळ क्रौर्यासाठी क्रूर व्हावे इतके ते निर्दय झाले नव्हते, अशी पुस्ती लेखक जोडतो.

अद्भुतकथेतल्या राक्षसजातीला असा इतिहास असणे ही साधी बाब नव्हे. हे राक्षस मुळात करदाते होते! त्यांचे विरूप शरीर हा शाप नाही, स्वभावही नाही; तो एका राजकीय निर्णयाचा दूरचा परिणाम आहे.

कादंबरीचा नायक कर्डी हा खाणकामगाराचा मुलगा. एके रात्री एकटाच काम करत असता त्याला खडकापलीकडून बोलणे ऐकू येते. भिंतीआड एक गॉब्लिन कुटुंब घर हलवण्याच्या तयारीत आहे. बाप सामानाचा हिशेब करतो आहे, मुलगा आपल्या वाट्याच्या ओझ्यावरून आणि दुखऱ्या पायांवरून कुरकुरतो आहे, आई मध्ये बोलते आहे. खाणकाम जवळ येत चालले की विस्थापित होणारे एखादे कुटुंब याहून वेगळे काय बोलणार? टकटक करणारा शेजारी येथे प्रथमच वाक्ये बोलतो, आणि ती वाक्ये बिऱ्हाडाची आहेत.

एवढे ऐकूनही कर्डी त्यांचा मित्र होत नाही. गॉब्लिनांनी राजकन्येला पळवून तिचा विवाह आपल्या राजपुत्राशी लावण्याचा आणि तो बेत फसल्यास खाणीत पाणी सोडण्याचा कट केलेला असतो. कर्डी त्यांच्याशी लढतो. त्यांच्या मऊ पायांवर लाथा मारतो आणि गाणी म्हणतो, कारण गॉब्लिनांना पद्य मुळीच सोसत नाही. अखेरीस त्यांनीच सोडलेले पाणी त्यांच्यावर उलटते. पण उरलेल्यांची कथा मॅकडोनल्ड एका परिच्छेदात सांगतो : त्यांची डोकी मऊ झाली, पाय कठीण झाले, स्वभाव निवळला आणि खाणकामगारांशी त्यांचे सख्य झाले. ज्या वाटेने ते राक्षस झाले, त्या वाटेने परत येण्याची सोय लेखकाने ठेवली होती.

परतीची वाट बंद

ही वाट बंद होण्यास फार काळ लागला नाही. 1895 साली एच. जी. वेल्सचे 'द टाइम मशीन' प्रसिद्ध झाले. ही विज्ञानकथा असली तरी गुहावासी राक्षसाच्या वंशावळीत तिची जागा निश्चित आहे. सन 802701 मध्ये मानवजातीच्या दोन शाखा झालेल्या आहेत : वर फुलांत खेळणारे सुंदर, निर्बुद्ध एलॉय, आणि खाली यंत्रे चालवणारे फिकट, उजेडाला भिणारे मॉर्लॉक. मॉर्लॉक हे जमिनीखाली ढकललेल्या कामगारवर्गाचे वंशज आहेत, असा तर्क कथेतला प्रवासी करतो. आता ते एलॉयांचे मांस खातात. वेल्सची आई अपपार्क या सरदारी वाड्यात गृहव्यवस्थापिका होती. नोकरांची ये-जा वरच्या लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून त्या वाड्याला भुयारे होती. खालच्या माणसांची वाट म्हणजे काय, हे वेल्सला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. प्रवाशाला मॉर्लॉकांचा इतिहास उमगतो, त्यात त्याच्याच समाजाचे पाप आहे हेही उमगते, आणि तरीसुद्धा त्याला मॉर्लॉक मारावासा वाटतो, मारताना बरे वाटते. वेल्सने हे लपवलेले नाही. इतिहास कळला म्हणून किळस जात नाही, ही त्याची नोंद प्रामाणिक आहे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारी आहे.

1937 साली टोल्कीनचे 'द हॉबिट' आले. धुक्याच्या पर्वतांखालचे गॉब्लिन मॅकडोनल्डकडून आलेले आहेत, हे टोल्कीनने 1954 सालच्या एका पत्रात मान्य केले; मात्र मऊ पायांवर आपला कधीच विश्वास बसला नाही, असेही त्याने त्यात म्हटले. ही विनोदी वाटणारी दुरुस्ती आम्हाला अर्थपूर्ण वाटते. मऊ पाय ही गॉब्लिनच्या शरीरावर उरलेली त्याच्या जुन्या माणूसपणाची खूण होती. ती पुसली, आणि तिच्याबरोबर करांची ती दंतकथाही गेली. 'हॉबिट'मधले गॉब्लिन खणण्यात निष्णात आहेत. सुंदर वस्तू घडवत नाहीत पण हिकमती वस्तू घडवतात. जगाला पुढे छळणारी काही यंत्रे बहुधा त्यांनीच शोधली असावीत, असे निवेदक म्हणतो. ते कैद्यांना हवा आणि उजेड यांवाचून मरेपर्यंत राबवतात. म्हणजे खाणकामगाराच्या अंगावर आता खाणमालकाचे अपराध चढले. आणि श्वासावाचून मारणारे पिशाच व कातडे बांधलेला शेजारी हे दोन प्रकार एकाच देहात कोंबले गेले.

टोल्कीनने 1916 साली सोमच्या रणभूमीवर खंदकांत दिवस काढले होते. यंत्रे आणि भुयारे यांविषयीची त्याची चीड पुस्तकी नव्हती. शिवाय तो श्रद्धाळू कॅथलिक होता, आणि दुष्टता स्वतः काही निर्माण करू शकत नाही, केवळ बिघडवू शकते, ही त्याची धारणा होती. मग हे गॉब्लिन, ज्यांना पुढे त्याने ऑर्क म्हटले, आले कोठून? 'सिल्मरिलियन' या त्याच्या मरणोत्तर, 1977 साली आलेल्या ग्रंथात ते पकडून छळलेल्या एल्फांपासून झाले असे सांगितले आहे. अखेरच्या काळातील टिपणांत तो ते माणसांपासून झाले असावेत का, याचा विचार करताना दिसतो. मॅकडोनल्डने एका परिच्छेदात दिलेला इतिहास टोल्कीनने काढून टाकला, आणि मग उरलेले आयुष्य तो इतिहास शोधण्यात घालवले.

त्याच्याही कथेत भिंतीपलीकडचा आवाज एकदा येतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये सॅम हा हॉबिट अंधाऱ्या बोगद्यात दोन ऑर्क सरदारांचे बोलणे ऐकतो. युद्ध संपले की मोठ्या साहेबांपासून दूर, चार विश्वासू सोबती घेऊन कोठेतरी निघून जावे, अशी स्वप्ने ते रंगवत असतात. लुटारूंचीच स्वप्ने ती. पण त्यांत हुकुमाला विटलेला शिपाई स्पष्ट ऐकू येतो. त्या क्षणापुरता राक्षस पुन्हा शेजारी होतो. मग कथा पुढे सरकते.

गुहेच्या शेवटच्या दालनात

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पना यांवर चालणारा हा खेळ. खेळाला नियम लागतात आणि नियमांना आकडे. 1977 च्या राक्षसकोशात गॉब्लिन आणि कोबोल्ड यांना स्थिर रूप मिळाले : किती घाव सोसतो, किती जणांची टोळी, जवळ किती धन. कोबोल्डाची ताकद सर्वांत खालची. आणि प्रत्येक जातीपुढे तिची नीती छापलेली : दुष्ट. एखादी व्यक्ती दुष्ट नव्हे. अख्खी जात, जन्मतः.

जन्मतः दुष्ट जात ही कल्पना केवळ खेळातली नाही, हे मराठी वाचकाला सांगावे लागू नये. मॅकडोनल्डची कादंबरी आकार घेत होती त्याच सुमारास, 1871 साली, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि 1952 साली रद्द झाला. त्या कायद्याखाली नोंदल्या गेलेल्यांचे वंशज आपल्याकडे विमुक्त म्हणून ओळखले जातात, आणि तो शिक्का कागदावरून पुसला गेला तरी नजरेतून पुसायला किती काळ लागतो, हे त्यांना विचारावे. खेळाच्या कर्त्यांनी हा कायदा डोळ्यांसमोर ठेवला होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की कोष्टकात 'दुष्ट' असे लिहिण्याची सोय माणसाला फार दिवसांपासून ठाऊक आहे.

1979 साली गायगॅक्सने नवशिक्यांसाठी एक साहस लिहिले. सरहद्दीवर एक गढी, आणि जवळच्या घळीत गुहाच गुहा. एकीत कोबोल्ड, एकीत गॉब्लिन, एकीत ऑर्क. हजारो मुलांनी हा खेळ याच साहसाने सुरू केला. गुहेत शिरायचे, पहारेकरी मारायचे, धन घ्यायचे. पण गायगॅक्स हा काटेकोर माणूस. गुहेत जमात राहते तर स्त्रिया आणि पोरेही असणार, म्हणून त्याने तीही लिहिली. पोरे लढत नाहीत, हेही लिहिले. झाले! तलवार उपसलेले खेळाडू शेवटच्या दालनात येत आणि त्यांच्यासमोर न लढणारी पोरे उभी असत. यांचे काय करायचे? नियमात उत्तर नव्हते. चौदा वर्षांच्या मुलांनी जेवणाच्या टेबलाभोवती बसून या प्रश्नावर घातलेले वाद हे आमच्या मते त्या खेळाचे एक नकळत घडलेले देणे आहे. आकड्यांच्या हिशेबात माणूस मागच्या दाराने शिरला तो असा.

1987 साली 'ड्रॅगन' मासिकाच्या 127 व्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी एका खेळाची आठवण सांगितली. टकर नावाच्या सूत्रधाराच्या खेळात बलाढ्य नायकांना सर्वांत दुबळ्या कोबोल्डांनी सळो की पळो करून सोडले होते. अरुंद भुयारे, आग, सापळे आणि परस्परांतले सहकार्य एवढ्याच बळावर. तो लेख खेळाडूंत अजून सांगितला जातो. गुहा हे ज्यांचे घर आहे ते घराचा बचाव कसा करतील, याचा कोणीतरी प्रथमच त्यांच्या बाजूने विचार केला होता. 2020 साली खेळाच्या प्रकाशकांनी अख्ख्या जातीला दुष्ट ठरवण्याची जुनी रीत सोडत असल्याचे जाहीर केले. त्यावर बराच गदारोळ झाला. असो.

वीणा

टेरी प्रॅचेटची 'स्नफ' ही कादंबरी 2011 ची. त्याच्या चकतीच्या आकाराच्या जगातही गॉब्लिन गुहांत राहतात. लोक त्यांना घाणेरडे आणि चोर म्हणतात, कायद्याने ते उपद्रवी जनावरांत मोडतात. त्यांचा धर्म चमत्कारिक आहे : कानातला मळ, नखे, शेंबूड असे जे जे देहातून निघते ते ते सुंदर मडक्यांत जपून ठेवायचे. ही मडकी इतकी देखणी असतात की शहरातले श्रीमंत ती चोरून संग्रही ठेवतात. गॉब्लिनांना पकडून दूरच्या तंबाखूच्या मळ्यांवर गुलाम म्हणून धाडले जाते, आणि जनावरांच्या बाबतीत गुन्हा तो कसला, म्हणून कोणी दाद घेत नाही. पोलीसप्रमुख व्हाइम्स ती दाद घेतो. पण कायदा पालटतो तो केवळ त्याच्या तपासामुळे नाही. एक गॉब्लिन मुलगी नगरीतल्या मान्यवरांपुढे हार्प वाजवते, आणि सभागृह ऐकते.

मॅकडोनल्डच्या गॉब्लिनांना गाणे सोसत नव्हते. प्रॅचेटची गॉब्लिन मुलगी गाण्यानेच माणसांत येते. मधल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत एक वर्तुळ पुरे झाले असे म्हणता येईल. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आग्रिकोलाच्या कामगारांपासून प्रॅचेटपर्यंत, गुहेतला प्राणी ज्या ज्या वेळी शेजारी झाला, त्या त्या वेळी तो ऐकला गेला होता. भिंतीतली टकटक, बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाची कुरकुर, दोन शिपायांची कुजबुज, हार्पचे स्वर. आणि तो राक्षस झाला तो बहुधा वरून आलेल्याच्या मशालीच्या उजेडात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. प्रत्येक राक्षस हा अन्याय झालेला शेजारीच ठरू लागला तर अद्भुतकथेतले भय उरणार कोठे? वेल्सची नोंद आम्ही विसरलेलो नाही, आणि प्रॅचेटच्या पुस्तकात काही ठिकाणी करुणा अंमळ सोपी झाली आहे, हेही मान्य करायला हवे. भयाची गरज खरी आहे, कारण अंधारातला धोका खरा आहे. आनाबर्गच्या खाणीत माणसे खरोखरच मेली होती. म्हणून लांब मानेचा तो घोडा कथेत राहावा, त्याच्या डोळ्यांचे भय वाटत राहावे. त्याच्याशी बोलणी होत नाहीत.

पण तो कोबोल्ड नव्हे. हा भेद पाच शतकांपूर्वी ज्यांना कळला होता, त्यांना वायूचे नाव माहीत नव्हते, रोगाचे कारण माहीत नव्हते, आणि त्यांच्या बायकांना एका आयुष्यात सात नवरे पुरावे लागत होते. त्या लोकांनीही मारणाऱ्या श्वासाचे खापर कातडे बांधलेल्या शेजाऱ्याच्या माथी फोडले नाही. ते त्याची टकटक ऐकत राहिले, आणि कॉर्नवॉलमध्ये तर त्याच्यासाठी शिदोरीतला तुकडा दगडावर ठेवून मग वर येत.